कोणाकडं जायचं?

परभणी
८ जानेवारी २०२४

प्रिय सत्या,

नमस्कार आणि जय भीम, दोन्ही. आपल्यात पहिलं कोण म्हणतं यावरून झरीच्या क्वार्टरमध्ये रोज सकाळी चालायचं ते आठवलं, म्हणून दोन्ही मीच म्हणून टाकलं.

फोन का केला नाहीस असं विचारू नकोस. मी फोन हातात घेतला की श्रद्धा आतून म्हणते, "आई, स्पीकरवर टाका ना, मावशींशी मलाही बोलायचंय." मग तुझे गुडघे, तिच्या माहेरचं तेल, सारंगच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी आईचं ऑपरेशन, आणि मी बाजूला बसून राहते. सून लाखात एक आहे गं. तीच तर पंचाईत आहे. सासूला छळणारी असती तर भांडून केव्हाच बाहेर पडले असते. इथे मी पाणी प्यायले की नाही याचासुद्धा गजर लावून ठेवलाय. गजर वाजतो, मी पाणी पिते. शाळेत घंटा मी द्यायची, आता माझ्यासाठी वाजते.

तर मुद्द्यावर येते. तू डिसेंबरात रिटायर झालीस. मी तर केव्हाचीच रिकामी. झरीला आपण काय ठरवलं होतं? तुझ्या दवाखान्याला सुट्टी, माझ्या शाळेला सुट्टी, आणि दोघी टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभ्या. तू म्हणाली होतीस, "प्रभा, म्हातारपणी असं गाव बघू की चारी बाजूंनी पाणी पाहिजे. उशाला पाणी, पायथ्याला पाणी." लोक हसले होते. मी हसले नव्हते. मी ते धरून ठेवलंय.

गाव मी बघून ठेवलंय. उंबरबेट. आमच्या ह्यांचं मूळ गाव, पाथरीपासून जीपनं थोडंसंच. गोदावरी तिथे दोन फाट्यांत फुटते आणि मधे गाव. ह्यांच्या वाट्याची दोन खोल्यांची जागा आहे, अंगणात उंबर, पलीकडे वाळू. शेजारी माझे दीर दत्तराव राहतात. हे गेल्यापासून त्या बाजूचं एवढं एकच माणूस मला धरून आहे. दर संक्रांतीला न चुकता हुरडा पाठवतात. तू एकदा बघून ये.

चुली मात्र दोन मांडू हं. तुझे मासे तुझ्या चुलीवर.

तुझी,
प्रभा

●

जिंतूर
१७ जानेवारी २०२४

प्रभे,

जय भीम आणि नमस्कार. झालं, फिटलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पेन्शनच्या कागदासाठी निघाले होते. तशीच ओट्यावर बसले आणि वाचलं. कागद काय, उद्याही होतात. आमच्या सिद्धोधनला दाखवलं तर म्हणतो, "आत्या, दोघी मिळून बेटावर? टीव्हीवर असतं तसं?" मी म्हटलं, टीव्हीवरच्या पोरींना साधं पोट दुखलं तरी रडायला येतं. आमच्यात एक मास्तरीण हाय आणि एक नर्स. बेटालाच आमची सवय करून घ्यावी लागेल.

उंबरबेट बघते. आधी माझंही ऐक. आमच्या आईचं माहेर टेकवाडी. येलदरी धरणाच्या पाण्यात बुडालेलं गाव, पण टेकावरची घरं वर राहिली. बाकीचे नव्या गावठाणात गेले, आमची लक्ष्मीमावशी आणि वीसेक घरं हटून बसली. आता मावशी नाही, घर हाय. पुढं ओसरी, ओसरीच्या पुढं उतार, उताराच्या पुढं पाणी. वारा असा की उन्हाळ्यातही चादर लागते. सकाळी पाणकावळे बसतात रांगेनं, तुझ्या शाळेतल्या प्रार्थनेसारखे, फक्त गडबड करत नाहीत. मोबाईलला रेंज नाही. म्हणजे गजर नाही! जीपनं काठापर्यंत जायचं, तिथून हाळी द्यायची, की सूर्यभानभाऊ नाव घेऊन येतो. तीस वर्षं झाली, त्याला फोन लागला नाही कधी.

मासे ताजे. लय ताजे. तू नाक मुरडायलीस ते मला इथून दिसायलंय.

महिनाअखेरीला उंबरबेटला जाऊन येते. तुझ्या दिरांना कळव, म्हणजे मी दारात उभी राहून कोण-कुठली सांगत बसायला नको.

सत्या

●

परभणी
२५ जानेवारी २०२४

प्रिय सत्या,

घाईत लिहितेय. दत्तभावजींना फोन झाला. खूश आहेत. म्हणाले, "वहिनी, तुमची मैत्रीण म्हणजे आमची पाहुणी, काही कमी पडू देणार नाही." जाऊबाईंनी तर थालीपीठ आवडतं का, हेही विचारून घेतलं. तेव्हा निर्धास्त जा.

सारंगला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "आई, बेटावर? रात्री-अपरात्री काही झालं तर? तिथे डॉक्टर आहे का?" मी म्हटलं, डॉक्टर नाही, पण सिस्टर आहे. श्रद्धानं तोंडाला पदर लावला, हसू आवरेना तिला. सारंग मात्र हसला नाही. त्याचं म्हणणं, आधी जागा नीट पक्की कर, मग बघू. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

उंबराखाली बसशील ना, तिथे ह्यांच्या लहानपणीचा झोका होता. कड्या अजून फांदीवर आहेत. वर बघ.

तुझी,
प्रभा

●

जिंतूर
११ फेब्रुवारी २०२४

प्रभे,

जाऊन आले बाई तुझ्या उंबरबेटला.

गाव देखणं हाय, खोटं कशाला बोलू. उंबर बघितला, कड्याही बघितल्या. नदी सकाळच्या उन्हात अशी चमकत होती की मी चपला हातात घेऊन वाळूत फिरले. दिरांनी मान ठेवला. आडनाव विचारलं, माहेर विचारलं, नोकरी कुठं कुठं झाली ते विचारलं. चहा दिला जाऊबाईंनी, गरम, आलं घालून. इतका गरम की कप मऊ पडायला लागला, मी आपला फुंकर मारत घाईघाईनं संपवला. मला तिकडच्या बाहेरच्या खोलीत झोपायला दिलं होतं. हवेशीर खोली. फारच हवेशीर.

पण प्रभा, मला काही तिथं जमेलसं वाटत नाही. ओल फार. डास तर असे की माझी नोकरीतली मलेरियाची सगळी वर्षं डोळ्यांपुढं आली. नदीचा आवाज रात्रभर. आणि पाथरी जवळ असली तरी जीपवाले भरेपर्यंत हलत नाहीत.

आपण टेकवाडीच बघू या का? घाई नाही. तुला वाटेल तेव्हा.

सत्या

●

परभणी
१८ फेब्रुवारी २०२४

सत्या,

डास? फेब्रुवारीत?

नदीचा आवाज? अगं, उन्हाळ्याच्या तोंडाला गोदावरीला कसला आवाज? आणि चारी बाजूंनी पाणी मागितलं कुणी? आता ओल नको म्हणतेस!

सरळ सांग ना, तुला टेकवाडीच हवी होती. पहिल्यापासून. मी आपली वेड्यासारखी दिरांच्या मागे लागले, त्यांनी खोली झाडून घेतली, जाऊबाईंनी आल्याचा चहा केला, आणि तू एक रात्र राहून परीक्षा घेतल्यासारखी नापासाचा शेरा मारून आलीस. माझ्या माणसांचं तुला काहीच वाटत नाही का? माझ्या सासरचं एवढं एकच दार उघडं राहिलंय.

तुला माझ्यासोबत राहायचंच नसेल तर तसं म्हण. मी इथे गजर वाजला की पाणी पीत बसेन.

प्रभा

●

परभणी
२८ मार्च २०२४

सत्या,

तुझं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते आता मला कळलंय, म्हणून पुन्हा मीच लिहितेय.

धुळवडीला उंबरबेटला गेले होते. म्हटलं, खोलीची डागडुजी करून घ्यावी, सत्या काय, मनवली की येईल. दुपारी स्वयंपाकघरात जाऊबाईंना मदत करायला लागले. फळीवरून साखरेचा डबा काढताना मागे कागदी कपांची पिशवी दिसली. त्या घरात पितळी पेल्यांना तोटा नाही, कपबश्यांचा सेट माझ्याच लग्नातला आहे. मी सहज विचारलं, "हे कशाला हो?" जाऊबाई पुरण ढवळत इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "ते तुमच्या त्या मैत्रीणबाईंसाठी आणले होते. अजून उरलेत. परत येणार असतील तर असू द्यात तिथंच."

मी डबा हातात घेऊन उभीच राहिले. कप मऊ पडला म्हणून घाईनं संपवला, असं तू लिहिलं होतंस. ते मी दोनदा वाचलं होतं गं. दोनदा वाचून डासांवर भांडले. शाळेत पोरांना मी आयुष्यभर सांगत आले, नीट वाचा, उत्तर धड्यातच असतं.

मग मी म्हटलं, मलाही त्यातच चहा द्या. जाऊबाई हसल्या. त्यांना थट्टा वाटली. दिला. मी प्याले. कुणाला काही कळलं नाही, आणि मला आणखीच लाज वाटली.

संध्याकाळी दत्तभावजींना सरळ विचारलं. चिडले नाहीत. त्यांनी चिडावं असं मला वाटत होतं. म्हणाले, "वहिनी, मी काही मानत नाही हो. पण गावात राहायचं म्हणजे चार माणसांचं बघावं लागतं. त्यांना बाहेरची खोली दिली ती चांगलीच आहे की, पंखा आहे." मी म्हटलं, मग पंख्याला राहू द्या त्या खोलीत, मी येत नाही राहायला. त्यांनी माझ्या पाया पडून मला जीपपर्यंत सोडलं. संक्रांतीला हुरडा येईल की नाही माहीत नाही. आलाच तर गोड लागणार नाही.

तू मला का सांगितलं नाहीस? रागावले तेव्हा तरी सांगायचंस.

टेकवाडीला येते मी. तू म्हणशील तेव्हा.

प्रभा

●

जिंतूर
५ एप्रिल २०२४

प्रभे,

का सांगितलं नाही? तुझं तिकडचं एकच दार उघडं हाय असं तूच म्हणालीस ना. ते माझ्या हातानं कशाला लावू? आणि दुसरं खरं सांगू का, मला त्या गोष्टीचं तोंडही बघायचं नव्हतं. नोकरीत हे लय बघितलं. बाळंतपण माझ्या हातून करून घ्यायचं आणि पाणी मात्र वरून ओतायचं. तिथं मी तोंडावर बोलायचे. पण तुझ्या अंगणात बसून बोलायला जीभ वळेना. त्याचा मला स्वतःचाच राग आला. परतीच्या जीपमध्ये मी इतकी गप्प होते की ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, पोट दुखायलंय का?"

आता एक विचारते. रागावू नकोस, पण रागावलीस तरी विचारणारच.

तुझ्या पहिल्या पत्रात तू दोन चुली म्हणाली होतीस. तेव्हा मी सोडून दिलं. आता ते राहून राहून आठवायलंय. ती दुसरी चूल माशासाठी का माझ्यासाठी?

मी परवापासून टेकवाडीलाच हाय, मावशीचं घर झाडून घ्यायला; पत्र जिंतूरलाच टाक, सिद्धोधन आणून देईल. पण भरपाई म्हणून तिथं येणार असशील तर नको. मला मैत्रीण पाहिजे, नुकसानभरपाई नको. गाव आवडलं तर ये, नाही आवडलं तर परभणीत बस, मी महिन्यातून एकदा येईन आणि श्रद्धाच्या स्पीकरवर सगळ्यांदेखत तुझी उणीदुणी काढीन.

सत्या

●

परभणी
१९ एप्रिल २०२४

सत्या,

चूल माशासाठी. तुझ्यासाठी नाही. झरीला आपण एका ताटात जेवलोय, तुझी ज्वारीची भाकरी आणि माझं पिठलं, हे तुलाही माहीत आहे.

पण तू विचारल्यावर मी फटकन उत्तर दिलं नाही, हेही सांगते. दत्तभावजींना विचारलं तेव्हा त्यांनीही पंख्याचं कारण सांगितलंच ना? मग माझं माशाचं कारण तरी कशावरून खरं? दोन दिवस हेच डोक्यात. शेवटी ठरवलं, चूल एकच. वास येईल तेव्हा मी ओसरीवर जाऊन बसेन. नाक माझं आहे, त्याची सोय मी बघेन.

हे तुला तोंडावर सांगावं म्हणून गेल्या गुरुवारी, तुला न कळवता, मी टेकवाडीला आले होते.

हो. आले होते. पहाटेच्या एसटीनं जिंतूर, तिथून जीप. सोबत लोणच्याची बरणी, नवी पांढरी छत्री, आणि सारंगनं घेऊन दिलेला काळा चष्मा. काठावर कुणी नव्हतं. पलीकडे टेक दिसत होतं, घरं दिसत होती, नावही दिसत होती. नावेत एक माणूस बसला होता. मी हाळी दिली. तो उठून उभा राहिला आणि ओरडला, "कोणाकडं?" मी म्हटलं, "मी प्रभावती! परभणीची!" तो पुन्हा, "कोणाकडं?" मी आणखी जोरात, "प्रभावती! प्रभावतीबाई! रिटायर्ड मुख्याध्यापिका!" सत्या, तो खाली बसला. पाठ करून बसला! मी ओरडतेय, छत्री हलवतेय, तो आपला जाळं विणतोय.

ऊन चढलं. मी लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बाभळीखाली बसले. शेवटी जीपवाला परत निघाला, त्याच्याबरोबर आले.

मी काही म्हणत नाही. उंबरबेटला तुला बाहेरच्या खोलीत ठेवलं, तुझ्या गावानं मला पाण्याच्या पलीकडे ठेवलं. कदाचित बरोबरच असेल. कुणी काही सांगितलं असेल माझ्याबद्दल, माझ्या माणसांबद्दल. पण माझा घसा अजून बसलाय, आणि श्रद्धा हळदीचं दूध घेऊन पाठीमागे उभी आहे. रडू येतंय ते घशामुळे असं मी तिला सांगितलंय.

प्रभा

●

टेकवाडी
२५ एप्रिल २०२४

अगं माझ्या बये,

तुझं पत्र जिंतूरहून सिद्धोधननं आणून दिलं. मी ओसरीवर उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसले. हसता हसता पोटात कळ आली माझ्या. मग शेवट वाचला आणि हसू थांबलं. मग पुन्हा आलं. काय करू!

ती तू होतीस व्हय? सूर्यभानभाऊ त्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर येऊन सांगत होता, "सिस्टर, आज काठावर एक बाई आली होती. काळा चष्मा, पांढरी छत्री, मांडीवर डबा. पॉलिसीवाली दिसायली. नाहीतर इलेक्शनची. प्रभावती प्रभावती ओरडत होती. म्या म्हणलं, आपल्यात प्रभावती कोण न्हाई." आणि मी, मी खुशाल मान हलवली! म्हटलं, बरं केलं, मागच्या पॉलिसीवाल्यानं आमच्या सिद्धोधनला किती फिरवलं. तुला जन्मभर प्रभाच म्हटलं, प्रभावती म्हणजे तू हे डोक्यातच आलं नाही; आणि परभणीची असंही तो म्हणाला नाही गं, त्याला वाऱ्यात ऐकूच आलं नसेल.

माझंच चुकलं. तुला इथली रीत सांगायची राहिली. मला ती रीत वाटतच नाही, श्वास घेतल्यासारखी हाय. हाळी देताना पाहुण्यानं स्वतःचं नाव घ्यायचं नसतं. ज्याच्याकडं जायचं त्याचं घ्यायचं. "सत्यशीलाकडं!" एवढंच. मग सूर्यभानभाऊ तुझी जात विचारत नाही, गाव विचारत नाही, काय आणलंस ते विचारत नाही. घराला माणूस येतंय, झालं. स्वतःचं नाव फक्त इथली माणसं घेतात. धरणात गाव गेलं तेव्हा नाना तऱ्हेचे साहेब, दलाल यायला लागले, तेव्हापासूनची पद्धत हाय म्हणतात. "मी अमुक साहेब" म्हणणाऱ्याला नाव मिळाली नाही कधी. आणि तू तर मुख्याध्यापिका म्हणालीस!

सूर्यभानभाऊला सांगितलं, ती माझी मैत्रीण होती. तो डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, त्यांना तुझं तोंड नको, नाव पाहिजे.

चुलीचं वाचलं. मला वाटलं होतं तू चिडून चार पानं लिहिशील. दोन दिवस विचार केलास हे मला जास्त आवडलं. एक चूल, कबूल. पण मासे तळताना तुला ओसरीवर बसायला लागणार नाही, मीच चूल ओसरीवर आणीन, तू आत बस. आपण दोघी एकमेकींना जागा देत देत घराबाहेर पडायचो म्हणजे झालं.

आता ये. पाणी जरा उतरलंय, पण नाव लागते. चष्मा काढून ये. आणि माझं नाव घे.

सत्या

ता. क. लोणचं आण. ते परत नेलंस हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

●

टेकवाडी
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय सत्या,

हे पत्र सिद्धोधनच्या नागपूरच्या पत्त्यावर टाकतेय. दीक्षाभूमीला गर्दी कशी होती, तुझे गुडघे किती बोलले, सगळं लिही. त्याच्या नव्या नोकरीचं घर लावून द्यायला थांबणार म्हणालीस, थांब. पण दिवाळी तिथेच करायचा बेत असेल तर आधी मला विचार.

मी परभणीला दसरा करून काल परत आले. सारंग आणि श्रद्धा दोघंही जिंतूरपर्यंत सोडायला. श्रद्धानं तेलाची बाटली दिलीय, तुझ्यासाठी. सारंग म्हणाला, "आई, तू परभणीत चार दिवस राहिलीस, त्यात तीन वेळा 'आमच्याकडं असं नसतं' म्हणालीस." मी म्हटलं, कुठे म्हणाले? श्रद्धा म्हणाली, "म्हणालात." बरं म्हणाले असेन. पुढच्या महिन्यात दोघं येतायत बघायला. सारंगला अजूनही डॉक्टरचं पडलंय. तूच समजाव.

आता खरी गंमत. काल काठावर पोचले तेव्हा पाणी भरून आलेलं, वाराही होता. सूर्यभानभाऊ पलीकडे नावेत बसलेले. मी पिशव्या खाली ठेवल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गेले सहा महिने देते तशी हाळी दिली, "सत्यशीला सिस्टरकडं!"

ते हललेच नाहीत.

मला एप्रिल आठवला. पुन्हा ओरडले. ते सावकाश उठले, हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "सिस्टर नागपूरला गेल्यात! त्यांच्याकडं कोण पाहुणं येतंय?"

मी म्हटलं, "अहो, मी आहे!"

"मी म्हंजी कोण? नाव घ्या की!"

सत्या, मी वेड्यासारखी उभी. कुणाचं नाव घेऊ? तू नाहीस, लक्ष्मीमावशी नाहीत. त्या घरात आत्ता आहेच कोण? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घसा खाकरला. आणि माझं नाव घेतलं. मुख्याध्यापिका वगैरे काही नाही, नुसतं नाव. "प्रभा..." एवढंच म्हणाले असेन, तोवर वल्हं पाण्यात पडलेलं होतं.

काठाला आले तेव्हा हसायलेले. म्हणाले, "बाई, एप्रिलात तुमाला उन्हात बसवलं, ते माज्या मनाला लय लागलं होतं. तवाच ठरवलं, ज्या दिवशी सिस्टर गावात नसतील त्या दिवशी तुमचं नाव तुमच्याच तोंडून काढायचं." पिशव्या त्यांनीच उचलल्या. नावेत मी बाकी वेळ पाण्याकडे बघत बसले, डोळे पुसत. ते आपले वल्हवत राहिले.

दत्तभावजींचं पत्र आलंय, दसऱ्याचं. "वहिनी, एकदा येऊन जा" एवढंच लिहिलंय. मी लिहिलं, तुम्ही इकडे या, काठावर येऊन माझं नाव घ्या, नाव येईल. दोघींकडेच यावं लागेल आणि चहा आमच्या कपातून प्यावा लागेल. बघू या येतात का. मला यावेत असं वाटतं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

घरी आले, दार उघडलं. सगळं ठीक आहे. फक्त तू घाईत निघताना तुझा माशाचा तवा तसाच ठेवून गेली होतीस, त्याला मुंग्या लागल्या होत्या. राखेनं घासून उन्हात वाळत घातलाय.

तुझी,
प्रभा